पीएसए कुणाची करायची? ज्येष्ठ नागरिक संघांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघांचे अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य

सप्रेम नमस्कार.

१ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन जवळ आला की गावोगावच्या संघांत आरोग्य शिबिरांची लगबग सुरू होते. सकाळी सातला सभासद उपाशीपोटी विरंगुळा केंद्रात जमतात, लॅबची मुलं रांगेने रक्त घेतात, मग पोहे-चहा होतो आणि दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या मोबाईलवर रिपोर्ट येऊन पडतो. सवलतीच्या त्या पॅकेजमध्ये साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड यांच्या जोडीला पुरुषांसाठी आणखी एक चाचणी असते, पीएसए (प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन). प्रोस्टेटच्या कॅन्सरची चाचणी म्हणून लोक तिला ओळखतात. मी जिल्ह्याच्या ठिकाणी युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारांचा डॉक्टर, म्हणून प्रॅक्टिस करतो. शिबिरानंतरच्या आठवड्यात तो रिपोर्ट हातात घेऊन आलेले आजोबा माझ्या ओपीडीच्या बाकावर ओळीने बसलेले असतात. बहुतेक जण पंचाहत्तरीच्या पुढचे. पीएसएचा आकडा ठळक अक्षरात छापलेला, शेजारी वर जाणारा बाण, आणि त्या बाणाने झोप उडालेली.

हे पत्र त्या शिबिरांबद्दल आहे. तुम्ही ती आपुलकीने भरवता, पदरचा वेळ घालता, देणगीदार शोधता, हे मी जवळून पाहिलं आहे. माझं म्हणणं एवढंच की पीएसए ही चाचणी तुमच्या शिबिरात चुकीच्या माणसाची होते आहे. ज्यांना तिचा फारसा उपयोग नाही त्या ऐंशीच्या आजोबांचं रक्त आपण घेतो. ज्याला तिचा खरा उपयोग होऊ शकेल, तो त्यांचा पन्नाशीतला मुलगा त्या वेळी डबा घेऊन कामाला निघालेला असतो. त्याला कुणी विचारत नाही. वडिलांना किंवा काकांना हा आजार झाला होता, हे पुष्कळदा त्याला माहीतही नसतं. हे उलटं करता येईल, आणि ते आम्हा डॉक्टरांपेक्षा तुम्हाला जास्त सहज जमेल.

आधी एक गैरसमज बाजूला करू. प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली, तरुणपणी अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्या मधून जाते. वय वाढतं तशी बहुतेकांची ही ग्रंथी वाढते. मग धार बारीक होते, लघवी थेंब थेंब येते, रात्री तीन-चारदा उठावं लागतं, एखाद्या वेळी लघवी तुंबते आणि नळी घालावी लागते. हा सगळा त्रास मुख्यतः लघवीच्या नळीलगतच्या आतल्या भागाच्या साध्या वाढीचा असतो. ती वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि तिचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होतं असंही नाही. कॅन्सर बहुतांशी सुरू होतो तो ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, नळीपासून लांब. म्हणून सुरुवातीच्या काळात तो काहीच त्रास देत नाही. ‘मला लघवीचा काही प्रॉब्लेम नाही, मग मी कशाला तपासू?’ असं म्हणणारा माणूस उगाच निर्धास्त असतो, आणि रात्री चारदा उठणारा माणूस उगाच कॅन्सरच्या धास्तीत असतो.

याच्याच जोडीचा दुसरा समज, ‘माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय, आता मला हा कॅन्सर होणारच नाही.’ दुर्बिणीतून होणाऱ्या त्या ऑपरेशनमध्ये नळीला दाबणारा आतला भाग काढतात. बाहेरचा भाग जागेवरच राहतो, आणि कॅन्सरची जागा मुख्यतः तीच. सोनोग्राफीच्या कागदावर ‘प्रोस्टेट ४५ ग्रॅम’ असं लिहून येतं तो निव्वळ आकार. त्यावरून कॅन्सर आहे की नाही, हे ठरत नाही.

आता पीएसए. हे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेलं एक प्रथिन आहे. वीर्य पातळ करणं हे त्याचं काम, आणि त्यातलं थोडंसं रक्तात उतरतं. ते प्रोस्टेटचं आहे, फक्त कॅन्सरचं नाही. साध्या वाढीने आकडा चढतो, लघवीच्या जंतुसंसर्गाने तर चांगलाच चढतो. लघवी तुंबली, नुकतीच नळी घातली, आदल्या एक-दोन दिवसांत वीर्यस्खलन झालं किंवा सायकलवर लांबची रपेट झाली, तरी तो वाढलेला दिसू शकतो. संसर्ग झाला असेल तर तो बरा झाल्यावर साधारण सहा आठवडे थांबून मगच ही चाचणी करावी. आकडा वाढलेल्या चौघांपैकी सुमारे तिघांना कॅन्सर नसतो. उलट, आकडा ‘नॉर्मल’ असूनही कॅन्सर सापडलेले रुग्ण आहेत. शिबिराच्या टेबलावर यातलं काही कुणी विचारत नाही, कारण रक्त घेणाऱ्या मुलाचं ते कामच नाही.

एक गोष्ट मात्र त्याला विचारता येईल आणि ती फार महत्त्वाची आहे: गोळ्या कोणत्या चालू आहेत? वाढलेल्या प्रोस्टेटसाठी रात्री जेवणानंतर घ्यायची जी कॅप्सूल तुमच्या अनेक सभासदांच्या डब्यात असते, तिच्यात टॅमसुलोसिनबरोबर ड्युटास्टेराइड असू शकतं. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सहा महिन्यांहून जास्त काळ चालू असेल तर पीएसए साधारण निम्मा होतो. म्हणजे रिपोर्टवर ३ दिसत असेल तर तो ६ धरायचा. मशीनला हे ठाऊक नसतं, ते ‘नॉर्मल’ छापून मोकळं होतं. केस गळू नयेत म्हणून चाळिशी-पन्नाशीतली मंडळी फिनास्टेराइडची जी छोटी गोळी घेतात, तिचाही असाच परिणाम होतो. डोक्याच्या केसांची गोळी आणि प्रोस्टेटची चाचणी यांचा संबंध आपणहून कुणाच्या लक्षात येणार?

मग ही चाचणी करावी की नाही? या प्रश्नावर जगभरचे डॉक्टर तीस वर्षं वाद घालत आले आहेत. प्रोस्टेटमधल्या अँटिजेनवर १९७० मध्ये लिहिणारे अमेरिकी शास्त्रज्ञ रिचर्ड अॅब्लिन यांनीच २०१० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून सरसकट चाचणीवर कडाडून टीका केली. अमेरिकेच्या सरकारी सल्लागार समितीने २०१२ मध्ये ही चाचणी कुणाचीच सरसकट करू नका असं सांगितलं, आणि २०१८ मध्ये पाऊल थोडं मागे घेतलं: ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी बोलून ज्याने त्याने ठरवावं, सत्तरीनंतर नियमित चाचणी नको.

या वादात मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो तो युरोपातला मोठा अभ्यास. १९९० च्या दशकात सुरू झाला, आठ देश, ५५ ते ६९ वयाचे एक लाख बासष्ट हजारांहून अधिक पुरुष. निम्म्यांना ठरावीक वर्षांनी पीएसएसाठी बोलावलं, बाकीच्यांना नाही. तेवीस वर्षांनी, २०२५ मध्ये, हिशेब मांडला तेव्हा बोलावलेल्यांत प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी निघाले. माणसांत मोजायचं तर ४५६ जणांना चाचणीला बोलावल्यावर एक मृत्यू टळला, आणि एक मृत्यू टाळण्यासाठी १२ जास्तीच्या पुरुषांना कॅन्सरचं निदान झालं. या दोन्ही आकड्यांकडे एकत्रच बघायला हवं. चाचणीने जीव वाचतात, हे खरं. ज्यांना त्या कॅन्सरने आयुष्यभरात काही केलं नसतं, अशा माणसांच्या कपाळी कॅन्सर हा शब्द येतो, हेही खरं.

कारण हा कॅन्सर एकाच स्वभावाचा नसतो. काही फार संथ असतात. वृद्धापकाळी दुसऱ्याच कारणाने गेलेल्या पुरुषांचं शवविच्छेदन केलं तर कितीतरी जणांच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सरच्या पेशी सापडतात. त्या बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. काही मात्र भराभर हाडांत उतरतात. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात ग्रंथीपुरता मर्यादित कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांना तीन गटांत वाटलं. एका गटाचं ऑपरेशन, दुसऱ्याला रेडिएशन, तिसऱ्यावर नुसती नजर ठेवायची आणि गरज पडली तर उपचार करायचे. पंधरा वर्षांनंतर, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात, तिन्ही गटांत मिळून या कॅन्सरने दगावलेले तीन टक्क्यांहूनही कमी होते आणि गटागटांत म्हणावा असा फरक नव्हता. ऑपरेशन आणि रेडिएशन यांची किंमत मात्र असते. लघवीवरचा ताबा जाणं, लैंगिक क्षमता कमी होणं, शौचाच्या तक्रारी. मंद जातीचा कॅन्सर निघाला तर ‘काढून टाका एकदाचा’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. ठरावीक महिन्यांनी तपासत राहणं हाही उपचारच आहे, दुर्लक्ष नव्हे.

म्हणूनच वयाचा मुद्दा. संथ कॅन्सर लवकर सापडण्याचा फायदा पदरात पडायला दहा-पंधरा वर्षं जावी लागतात. ऐंशीच्या सभासदाला, हृदयात स्टेंट, साखर, गुडघे हे सगळं सांभाळत असताना, शिबिरातला हा आकडा काय देतो? एमआरआय, मग बायोप्सी म्हणजे सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणं, तिच्यातून ताप येण्याची शक्यता, घरच्यांची धावाधाव, आणि शेवटी डॉक्टर सांगतात, ‘काका, याचं काही करायची गरज नाही.’ हेच आधी सांगता आलं असतं.

इथे सभागृहात कुणीतरी हात वर करणार, हे मला ठाऊक आहे. ‘मग बायडेन यांचं काय?’ मे २०२५ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांना ८२ व्या वर्षी आक्रमक प्रोस्टेट कॅन्सर हाडांपर्यंत गेलेला सापडला, आणि त्यांची शेवटची ज्ञात पीएसए चाचणी २०१४ मधली होती असं त्यांच्या कार्यालयाने सांगितलं. प्रश्न रास्त आहे. वयाची रेघ कुठेही मारली तरी एखादा तिच्या पलीकडे राहतोच. माझं उत्तर असं, की सत्तरी ओलांडलेला पण तब्येतीने ठणठणीत माणूस, त्यातून घराण्यात हा आजार असलेला, याने आपल्या डॉक्टरांशी बसून बोलावं आणि चाचणीचा निर्णय घ्यावा. मात्र असा निर्णय रांगेत उभं राहून, बाही वर करता करता घेण्याचा नसतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला घेतलं, ती.

या आजाराची पहिली जोखीम वय, आणि वय वाढणं थांबवता येत नाही. त्यानंतरची मोठी जोखीम म्हणजे रक्ताचं नातं. वडील किंवा सख्खा भाऊ यांना प्रोस्टेट कॅन्सर झाला असेल तर धोका साधारण दुप्पट होतो. दोघा-तिघांना झाला असेल, किंवा कमी वयात झाला असेल, तर आणखी वाढतो. आणि हे फक्त पुरुषांच्या बाजूने येत नाही. स्तनांच्या आणि बीजकोशाच्या कॅन्सरशी जोडलेला बीआरसीए-२ या जनुकातला दोष पुरुषात असेल, तर त्याला प्रोस्टेट कॅन्सरचा धोका कितीतरी जास्त असतो आणि होणारा कॅन्सरही अधिक आक्रमक असतो. आई, मावशी, बहीण यांना कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला होता का, हा प्रश्न पुरुषालाही विचारायचा असतो. उलट्या दिशेनेही तेच: वडिलांकडून तो दोष मुलीकडे जाऊ शकतो. प्रोस्टेट हा फक्त बापयांचा विषय समजून मुलीला बाहेर पाठवणारे वडील तिच्याच हिताची गोष्ट तिच्यापासून लपवत असतात.

लपवणं हा शब्द मी विचार करून लिहितो आहे. माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी येत. कापडी पिशवीत फाईल, फाईलवर कव्हर म्हणून जुन्या कॅलेंडरचं पान. हाडांत गेलेला कॅन्सर, हॉर्मोनच्या इंजेक्शनवर बरा आटोक्यात. मुलगा सोबत यायचा पण त्याला ते बाहेरच बसवत. ‘त्याला प्रोस्टेटला सूज आहे एवढंच सांगितलंय, डॉक्टर. तुम्हीही तेच सांगा.’ गुरुजींचे थोरले भाऊही याच आजाराने गेले होते. घरात ‘त्यांना मुतखडा होता’ अशी आठवण. मुलगा तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर. मी गुरुजींना सांगितलं की तुमच्या आजाराची माहिती ही तुमची एकट्याची राहिलेली नाही, त्यावर मुलाचाही हक्क आहे. ते बराच वेळ फाईलची दोरी गुंडाळत बसले. पुढच्या खेपेला दोघं एकत्र आत आले. मुलाने चाचणी केली, आकडा चांगला निघाला, आता तो दर दोन वर्षांनी येतो.

संकोच का वाटतो, हे मला कळतं. जागा अवघड, त्यात पौरुषाशी जोडलेली. ‘लोक काय म्हणतील’च्याही आधी ‘सुनेला कळलं तर’ ही चिंता असते. पण बघा, तुमच्यातल्या किती जणांची मुलं आज पुण्या-मुंबईत, न्यू जर्सीत, लंडनमध्ये आहेत. तिथल्या डॉक्टरांच्या फॉर्मवर ‘वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेट कॅन्सर होता का?’ असा प्रश्न असतो, आणि मुलगा प्रामाणिकपणे ‘नाही’वर खूण करतो. भारतातून तिकडे गेलेल्या पुरुषांत या कॅन्सरचं प्रमाण इथल्यापेक्षा जास्त दिसतं. निदान जास्त होतं हे त्याचं एक कारण, राहणीमान बदलतं हे दुसरं असू शकेल. त्यात घराण्यातली जोखीम मिळाली, तर ती त्या मुलाला ठाऊक असायलाच हवी.

ब्रिटनचा सायकलपटू सर ख्रिस हॉय, ऑलिंपिकची सहा सुवर्णपदकं जिंकलेला माणूस. खांदा दुखतो म्हणून तपासणी झाली आणि प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचलेला सापडला, तेव्हा त्याचं वय पन्नाशीच्या आत होतं. त्याच्या वडिलांना आणि आजोबांना हा आजार झालेला होता. २०२४ मध्ये आजार बरा होण्यापलीकडे गेल्याचं त्याने जाहीरपणे सांगितलं आणि घराण्यात हा आजार असलेल्या पुरुषांनी लवकर चाचणी करावी म्हणून तो आज बोलत फिरतो आहे.

युरोपातल्या युरॉलॉजिस्ट संघटनेचा सल्ला साधारण असा आहे: नीट माहिती घेऊन इच्छा असेल तर पन्नाशीपासून, घराण्यात आजार असेल तर पंचेचाळीसपासून, बीआरसीए-२ चा दोष असल्याचं माहीत असेल तर चाळीसपासून. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर शोधतात, प्रोस्टेटचा नाही, आणि आपल्या परिस्थितीत मला तो क्रम योग्यच वाटतो. पण म्हणूनच हे काम घराघरांतून व्हायला हवं. साठीत पीएसए १ च्या खाली असेल तर पुढे या कॅन्सरने मरण्याची शक्यता फारच कमी असते. अशा माणसाला वर्षावर्षाला पॅकेज घ्यायची गरज नाही, हेही सांगायला हवं.

आकडा वाढलेला आला तर? आधी काही आठवड्यांनी पुन्हा करायचा, डॉक्टरांकडून गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट तपासून घ्यायची, मग गरज असेल तर एमआरआय. पूर्वी आकडा वाढला की थेट बायोप्सी होत असे. आता आधी एमआरआय केल्याने बऱ्याच जणांची ती सुई टळते. आणि ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ हे जे कट्ट्यावर सांगितलं जातं, ते प्रोस्टेटच्या बायोप्सीबाबत मनातून काढून टाका. त्या भीतीने वर्ष वर्ष थांबलेल्या लोकांचं नुकसान मी बघतो.

प्रतिबंधाबद्दल खरं सांगायचं तर हा कॅन्सर हमखास टाळणारी गोळी, बी किंवा काढा नाही. व्हॉट्सअॅपवर भोपळ्याच्या बिया, गोखरू, टोमॅटोचा रस फिरत असतात. टोमॅटो आणि बिया खुशाल खा, पण चाचणीच्या किंवा उपचाराच्या बदल्यात नको. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. अमेरिकेत २००१ मध्ये पस्तीस हजारांहून जास्त पुरुषांवर सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाचा अभ्यास सुरू झाला, या आशेने की कॅन्सर कमी होईल. २००८ मध्ये उपयोग दिसेना म्हणून गोळ्या थांबवल्या, आणि २०११ मध्ये लक्षात आलं की नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढला होता. औषधाच्या दुकानातून मनाने आणलेल्या ‘ताकदीच्या’ कॅप्सूल निरुपद्रवीच असतात, असं समजू नका.

ज्याचा उपयोग आहे ते तुम्हाला माहीतच आहे: वजन आटोक्यात, रोज चालणं, तंबाखू-विडी-सिगारेट बंद. लठ्ठ माणसांत हा कॅन्सर जास्त आक्रमक रूपात दिसतो आणि धूम्रपान करणाऱ्यांत त्याने मृत्यू होण्याचं प्रमाण जास्त असतं. जाता जाता, नसबंदी केलेल्या काही सभासदांना वाटतं की त्यामुळे हा कॅन्सर होतो. मोठ्या अभ्यासांत एकतर संबंध आढळत नाही, किंवा आढळला तरी नगण्य. ती काळजी सोडा.

पंचाहत्तरीपुढच्यांसाठी शिबिरात पीएसए नको म्हणतोय, याचा अर्थ त्यांना या आजाराचा धोका नाही असा नव्हे. त्यांच्या बाबतीत लक्ष वेगळीकडे हवं, हाडांकडे. आपल्याकडे हा कॅन्सर मोठ्या प्रमाणावर उशिरा, पसरल्यावरच सापडतो, आणि तो येतो कंबरदुखीच्या वेशात. एक शेतकरी आजोबा आले होते. तीन-चार महिने कंबर दुखत होती. आधी बाम, मग गावातल्या एकाकडून मालीश, मग पट्टा, मग ‘नस दबलीय’ म्हणून इंजेक्शनं. दुखणं रात्री जास्त, पडल्यावरही थांबत नसे, वजन उतरलेलं. माझ्याकडे आणलं ते लघवी तुंबली म्हणून. पलंगावर चढताना पाय उचलेना. मणक्यात गाठ होती आणि मज्जारज्जूवर दाब आला होता. अशा वेळी तासांना किंमत असते. लगेच उपचार झाले तर माणूस पायावर उभा राहतो, दोन-चार दिवस ‘बघू’ म्हणून गेले तर कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. वयस्क पुरुषाची नवी, न थांबणारी, रात्री छळणारी कंबरदुखी, लघवीतून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांकडे जाऊन पीएसए करायची, वय कितीही असो. तिथे ती शिबिरातली चाचणी राहत नाही, आजार शोधण्याची होते. आणि पायातली ताकद जाणं, मांड्यांच्या मधे बधिरपणा येणं, लघवी-शौचाचा ताबा सुटणं, हे दिसलं तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं.

पसरलेला कॅन्सर सापडला म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. हा कॅन्सर पुरुषी हॉर्मोनवर पोसला जातो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं, परळचं टाटा हॉस्पिटल सुरू झालं त्याच वर्षी. त्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. ते हॉर्मोन थांबवणारे उपचार आजही कामाचे आहेत, त्यांच्या जोडीला नवी औषधं आली आहेत, आणि माणसं वर्षानुवर्षं चांगली जगतात. पात्र कुटुंबांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कॅन्सरच्या उपचारांना मदत मिळते. शिधापत्रिका आणि आधार घेऊन या योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटायला सांगा. योजना आहे हे माहीत नसल्याने जमीन गहाण टाकलेली घरं मला माहीत आहेत.

तर माझी मागणी अशी. यंदा लॅबशी पॅकेज ठरवताना पंचाहत्तरीपुढच्या, काही त्रास नसलेल्या सभासदांसाठी पीएसए त्यातून काढायला सांगा. ‘पॅकेजमध्ये फुकट आहे’ असं उत्तर मिळेल. ती फुकट नसते, तिची किंमत पुढे सुरू होते. त्या पैशांत आणि त्या वेळात एक संध्याकाळ ठेवा, तीही सात वाजल्यानंतर किंवा रविवारी, म्हणजे सभासदांची मुलं, जावई, पुतणे येऊ शकतील. सुना आणि लेकींनाही बोलवा, कारण घरात डॉक्टरांची अपॉइंटमेंट शेवटी त्याच घेतात. आणि तुमच्यापैकी ज्यांना हा आजार होऊन गेला आहे किंवा आहे, त्यांच्यातल्या एखाद्याने तयारी दाखवली तर त्यांना पाच मिनिटं बोलू द्या. तज्ज्ञाच्या तासभराच्या व्याख्यानाने मुलं चाचणीला तयार होतात की नाही, सांगता येत नाही. ओळखीचे काका उभे राहून ‘मला झाला, माझ्या मुलाला मी सांगितलं’ म्हणाले की होतात.

सभासदत्वाच्या फॉर्ममध्ये रक्तगट असतोच. त्याखाली तीन ओळी वाढवा, ऐच्छिक म्हणून. वडील, भाऊ, काका यांपैकी कुणाला प्रोस्टेट कॅन्सर झाला होता का? आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कुणाला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झाला होता का? हे मुलांना सांगितलं आहे का? उत्तरं संघाने जमा करून ठेवू नयेत, तो कागद सभासदानेच घरी न्यावा. प्रश्न वाचला गेला, एवढं पुरे.

माझ्या जिल्ह्यातल्या कुठल्याही संघाने बोलावलं तर मी येईन, मानधन नको. इतर ठिकाणी तुमच्या गावच्या युरॉलॉजिस्टना किंवा जिल्हा रुग्णालयातल्या सर्जनना विचारा, विषय सांगितलात तर नाही म्हणणारा विरळा. लॅबबरोबरच्या करारावर सही होण्याआधी हे पत्र कार्यकारिणीच्या बैठकीत वाचलं जावं, ही विनंती.

आपला नम्र,
जिल्ह्याच्या ठिकाणचा एक युरॉलॉजिस्ट